ओव्यांचा प्लेअर: स्लायडर अखेर जागेवर

मागच्या नोंदीच्या वेळी ब्राउझरमध्ये ओव्या ऐकवणाऱ्या माझ्या प्लेअरला दोन बटणं होती आणि आजीच्या एका कॅसेटची एकच बाजू त्यावर वाजत होती. आता तिन्ही कॅसेटी चढल्या आहेत: सहा बाजू, प्रत्येकी ३० मिनिटं. यादीतली ओवी निवडली की तिथूनच आवाज सुरू होतो आणि चालू ओवीचे शब्द खाली मोठ्या अक्षरात येतात. तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला कोड, घेतलेली नाही. ब्राउझरचा स्वतःचा ऑडिओ टॅग (पानात आवाज वाजवणारा घटक) आणि साधारण दीडशे ओळींची जावास्क्रिप्ट, एवढ्यावरच सगळं चालतं.

पंधरा दिवसांतला बहुतेक वेळ स्लायडरने, म्हणजे गोळी ओढून पुढे-मागे जायच्या पट्टीने, घेतला. बोटाने गोळी पुढे ओढली की ती निसटून मागे पळायची. आवाज चालू असताना टाइमअपडेट हा इव्हेंट (ब्राउझर कोडला देतो ती सूचना) सेकंदातून चार-पाच वेळा तरी येतो, आणि दर वेळी मी करंटटाइम, म्हणजे आवाज कुठवर आला ती वेळ, वाचून गोळी तिथे नेऊन ठेवत होतो. म्हणजे बोट एकीकडे ओढतंय, कोड दुसरीकडे. आता ओढणं सुरू झालं की एक खूण लावतो. ती असेपर्यंत गोळीला हात लावत नाही, फक्त शेजारचे मिनिट-सेकंद बदलतो. बोट उचललं की चेंज इव्हेंट येतो, तेव्हा एकदाच उडी.

तरीही क्रोममध्ये बोट उचललं की ओवी पुन्हा शून्यापासून! दोन संध्याकाळी जावास्क्रिप्ट उसवली. दोष तिथे नव्हताच. घरच्या चाचणीसाठी मी पायथनचा साधा एचटीटीपी सर्व्हर (ब्राउझरला फाइली पुरवणारा प्रोग्राम) चालवत होतो. ब्राउझर उडी मारताना सर्व्हरला सांगतो, अमुक बाइटपासून पुढचं दे. ज्याला हे कळतं तो २०६ क्रमांकाचं उत्तर देऊन तेवढाच तुकडा पाठवतो. पायथनचा हा सर्व्हर ती मागणी वाचतच नाही. २०० म्हणून अख्खी फाइल पहिल्यापासून देतो. दुसरा सर्व्हर लावला आणि एकही ओळ न बदलता स्लायडर चालू लागला. तुमच्या प्लेअरमध्ये पुढे-मागे जाता येत नसेल तर आधी ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडून हा २०० की २०६ आकडा बघा, कोड नंतर.

पुढची अडचण बारीक होती. यादीतून ओवी निवडली की कधी आधीच्या ओवीचं शेपूट ऐकू यायचं, कधी पहिला शब्द गळायचा. माझ्या एमपीथ्री फाइली बदलत्या बिटरेटच्या होत्या, म्हणजे दर सेकंदाला लागणारी जागा कमी-जास्त होते. अशा फाइलीच्या डोक्यावर बहुधा झिंग हेडर नावाचा माहितीचा तुकडा असतो, त्यात कुठली वेळ फाइलीत कुठे आहे हे सांगणाऱ्या १०० खुणांची सारणी. ३० मिनिटांच्या बाजूला म्हणजे १८ सेकंदांमागे एक खूण, आणि त्या सारणीवर विसंबून उडी मारली तर मधली जागा अंदाजाने धरावी लागते. गाण्याला हे खपेल, ओवीला नाही. ओवी तेवढ्या वेळात संपूनही जाते. सगळ्या बाजू स्थिर ६४ केबीपीएसवर, मोनोमध्ये पुन्हा काढल्या. एक बाजू साधारण १४ एमबी होते आणि उडी नेमकी पडते. खरखर मात्र मुद्दाम काढलेली नाही. आजी दळतानाच गात होती. आवाज साफ करायला गेलं की जात्याची घरघरही जाते, आणि ती मला हवी आहे.

शब्दांसाठी वेबव्हीटीटी फाइल (कुठल्या वेळी कुठले शब्द हे लिहिलेली) ट्रॅक म्हणून जोडली आहे. ऑडिओ टॅग ते शब्द स्वतः दाखवत नाही, म्हणून ट्रॅकचा मोड हिडन (लपलेला, पण चालू) ठेवायचा आणि पुढचे शब्द आल्याची सूचना देणारा क्यूचेंज इव्हेंट आला की शब्द आपण आपल्या चौकटीत टाकायचे. सुरुवातीला एकही ओवी दिसेना आणि कुठे चूकही दिसेना. मी एसआरटी या सबटायटलच्या दुसऱ्या प्रकारच्या फाइलचं नुसतं नाव बदललं होतं. एसआरटीत सेकंदांनंतर स्वल्पविराम असतो, इथे टिंब लागतं, आणि पहिल्या ओळीत वेबव्हीटीटी हे नाव रोमन कॅपिटलमध्ये हवंच.

शब्द उतरवण्याचं काम आत्या करते. तिच्यासाठी पाऊणपट वेगाचं बटण दिलं. वेग कमी केला तरी ब्राउझर सूर आपणहून सांभाळतो, त्यामुळे आजीचा आवाज आजीचाच राहतो. मला जिथे नुसता हुंकार ऐकू येत होता तिथे आत्याने माहेरच्या वाटेवरच्या ओढ्याचं नाव ओळखलं. ती ओवी मी चार वर्षं अर्धवट ऐकत होतो.

आत्याच्या फोनवर आणखी एक गोष्ट सापडली: नेट मंद असताना आवाज सुरू व्हायच्या आधीच बटणावर ‘थांबवा’ यायचं. मी दाबल्याबरोबर चिन्ह बदलत होतो. आता आवाज खरंच सुरू झाल्याचा प्लेइंग इव्हेंट आल्यावरच बदलतो आणि मधल्या वेळात ‘येतंय’ असं दाखवतो.

व्हिडिओ एकच आहे, आत्या जात्याला खुंटा बसवते तो. एमपीफोरची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असल्याने सुरू व्हायला वेळ लागत होता. एफएफएमपेग या व्हिडिओ-रूपांतराच्या प्रोग्रामच्या फास्टस्टार्ट पर्यायाने ती पुढे आणली. आयफोनवर तो पूर्ण पडदा व्यापू नये म्हणून व्हिडिओ टॅगला प्लेज्‌इनलाइन ही खूण लावली.

आकडे मराठीत आणणं सोपं निघालं: जावास्क्रिप्टच्या नंबरफॉरमॅटला मराठी लोकेल (भाषेची निवड) आणि किमान दोन अंकांची अट दिली की मिनिटं ०७ आणि सेकंद ४२ असे येतात.

पुढच्या खेपेला लॉक स्क्रीनवरची बटणं घेतो. आत्याकडे तिसऱ्या कॅसेटची दुसरी बाजू उतरवायची राहिली आहे.