आमची वाटचाल : हात पोचेल तिथे

स्केल मॉडेल, म्हणजे खऱ्या विमानांच्या, जहाजांच्या ठरावीक प्रमाणात लहान केलेल्या प्रतिकृती, बांधणाऱ्यांसाठी घरात मांडता येतील अशी लाकडी बाकं, रंगाचे रॅक आणि ट्रे आम्ही बनवतो. आम्ही म्हणजे दादा आणि मी. दादा पक्का सुतार. त्याने स्वतः एकही मॉडेल बांधलेलं नाही, पण कोपरा काटकोनात बसला नाही तर त्याला जेवण गोड लागत नाही. मी लहानपणापासून विमानं जोडतेय. रंगाच्या बाटल्या ठेवायला पहिला रॅक त्याने माझ्यासाठी केला. तो बघून ओळखीतल्या छंदिष्टांनी मागणी केली आणि कामाला सुरुवात झाली.

धंद्याला दिशा मिळाली ती दादाच्या एका प्रश्नामुळे. नव्या बाकासाठी मी त्याला कागदावर लिहून दिलं होतं : स्प्रू कटर (चौकटीतून प्लास्टिकचे भाग कापून काढायचा), चिमटे, कानशी, पुट्टी, गोंद, ब्रश, बाटल्या. कागद बाजूला सारून तो म्हणाला, "तू वस्तूंची यादी देतेस. हात आधी कुठे जातो आणि मग कुठे, ते सांग की." तेव्हापासून आम्ही ठेवणीचा विचार वस्तूंच्या जातीप्रमाणे करत नाही, कामाच्या क्रमाने करतो. सगळे चिमटे एका खणात दिसायला छान दिसतात, पण गोंद लावलेला भाग एका हातात असताना चिमटा दुसऱ्या हाताला मान न वळवता सापडायला हवा.

म्हणून ऑर्डर देणाऱ्याकडून आम्ही टेबलाचा फोटो मागतो, तोही काम ऐन भरात असतानाचा. आवरलेल्या टेबलाच्या फोटोतून काहीच कळत नाही. पसाऱ्यातून सगळं कळतं : कटर कुठे टाकलाय, पाण्याचं भांडं कुठल्या बाजूला सरकलंय, कुठली बाटली कोपराने पडेल अशी ठेवलीय. सोबत एक प्रश्न ठरलेला असतो, तुम्ही कुठल्या मापात काम करता? १:७२ म्हणजे सहा फुटांना एक इंच. या मापात स्पिटफायर विमानाचे पंख सुमारे १५६ मिलिमीटर भरतात, १:४८ मध्ये २३४ आणि १:३२ मध्ये ३५१. बी-१७ सारखं बाँबर १:७२ मध्येही ४४० मिलिमीटरच्या आसपास जातं, आणि १:३५० मधलं टायटॅनिक ७७० मिलिमीटर लांब होतं. कापताना खाली अंथरायची ए-३ कटिंग मॅट मात्र ४२० मिलिमीटर लांबीचीच असते. जहाजं करणाऱ्याला आणि रणगाडे करणाऱ्याला एकच बाक विकणं आम्हाला पटत नाही.

रंगाच्या रॅकवर आम्ही सगळ्यात जास्त डोकं लावलं. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच रॅकना एकाच मापाची गोल भोकं असतात. घराघरांत मात्र तामियाच्या बुटक्या बरण्या, व्हायेहोच्या उभट ड्रॉपर बाटल्या आणि हंब्रोलचे १४ मिलिलिटरचे पत्र्याचे डबे एकत्रच नांदत असतात. त्यातही मापापेक्षा महत्त्वाची एक गोष्ट आहे. तामियाच्या बरणीवरचा क्रमांक झाकणावर असतो, तर व्हायेहोचा बाटलीच्या अंगावरच्या लेबलवर. एक वरून ओळखायची, दुसरी समोरून. त्यामुळे बरण्यांसाठी आम्ही उथळ खण करतो आणि ड्रॉपर बाटल्यांसाठी पायऱ्यांची फळी. फळीच्या पुढची पट्टी इतकीच उंच ठेवतो, की बाटली घसरणार नाही आणि लेबलवरचा आकडा झाकलाही जाणार नाही. भोकं नाहीत, सरकत्या आडपट्ट्या आहेत. उद्या रंगाची कंपनी बदलली तरी रॅक तोच चालतो.

आमचं सर्वांत लाडकं काम म्हणजे पुढची झोळी. दागिने घडवणाऱ्या कारागिरांच्या बाकाला पुढून अर्धगोल कापलेलं असतं आणि खाली चामडं ताणलेलं असतं, म्हणजे सोन्याचा कण खाली सांडत नाही. तीच कल्पना आम्ही उचलली. १:७२ मधला अख्खा वैमानिक जेमतेम २४ मिलिमीटरचा, मग त्याच्या कॉकपिटमधला दांडा केवढा असेल! चिमट्यातून तो उडाला की फरशीवर शोधण्यात संध्याकाळ जाते. पितळी पत्र्यातून कोरलेले भाग तर चुंबकालाही दाद देत नाहीत. आमच्या बाकाच्या पुढच्या कडेखाली एक खण आहे. तो मांडीवर ओढून घ्यायचा, त्यात फिकट रंगाचं घट्ट विणीचं कापड ताणलेलं असतं. फिकट अशासाठी, की राखाडी प्लास्टिक आणि पितळ दोन्ही त्यावर चटकन दिसतात. कापड गुंड्यांनी निघतं आणि धुता येतं.

कामाची जागा डोळ्यांच्या जवळ यायला हवी, हेही त्याच कारागिरांकडून घेतलं. लिहिण्याचं टेबल साधारण ७२ ते ७५ सेंटिमीटर उंच असतं. त्यावर तासन्‌तास वाकून ब्रश चालवला की मान धरते. स्वतंत्र खोली नसलेल्यांसाठी आम्ही नेहमीच्या टेबलावर ठेवायचा उंच पाट करतो. त्याला झाकण आहे. काम अर्धवट असलं तरी झाकण लावून पाट कपाटावर ठेवता येतो. इनॅमल रंग सुकायला वेळ घेतो, तेवढ्यात त्यावर धूळ बसत नाही आणि घरातल्या लहानांचे हात ब्लेडपर्यंत पोचत नाहीत.

पाटाला दोन बाजू आहेत, ओली आणि कोरडी. डिकलचं (पाण्यात भिजवून मॉडेलवर उतरवायच्या छापील चिन्हांचं) पाणी, रेझिन (साच्यात ओतून केलेले राळेचे भाग) ओलं करून घासण्याचं पाणी (रेझिनची धूळ श्वासात जाऊ नये म्हणून ते ओलंच घासावं), ब्रश धुण्याचं भांडं हे सगळं एका बाजूला. किटचा कागद, डिकलची पानं आणि कापलेले भाग दुसऱ्या बाजूला. एमडीएफची कड पाणी प्याली की फुगते, म्हणून दादा ओल्या बाजूला लॅमिनेट लावलेलं प्लायवूडच वापरतो. खर्च वाढतो, पण या बाबतीत तो ऐकत नाही आणि मलाही त्याने ऐकू नये असंच वाटतं. मधे जाड काचेचा तुकडा बसवतो. लॅकर थिनर ॲक्रिलिकचा पत्रा खराब करतो, काचेला काही करत नाही, आणि वाळलेला गोंद ब्लेडने खरवडून निघतो. काचेशेजारी गोंदाच्या बाटलीपुरता एक खळगा आहे. प्लास्टिकचा गोंद प्लास्टिक विरघळवूनच जोडतो. तो पंखावर सांडला तर पुसून काही वाचत नाही, म्हणून बाटली कलंडूच नये.

दिव्यांबद्दल विचारणा होते तेव्हा आमचं उत्तर ठरलेलं असतं : डावीकडून एक, उजवीकडून एक. एकाच दिव्यात हाताची सावली नेमकी ब्रशच्या टोकावर पडते. पाच ते साडेसहा हजार केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा, आणि ९० च्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा आकडा) असलेला दिवा घ्यावा. पिवळ्या दिव्यात जुळवलेला ऑलिव्ह रंग दिवसा भलताच दिसतो.

एअरब्रशसाठी (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या साधनासाठी) फवारणीचं खोकं करा, अशी मागणी फार दिवस होती. त्यावर आम्ही एक भूमिका घेतली आणि आजही तिच्यावर ठाम आहोत. खोक्यातला साधा फिल्टर रंगाचे कण अडवतो, थिनरची वाफ अडवत नाही. साधा धुळीचा मास्कही ती अडवत नाही, त्यासाठी सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. त्यामुळे हवा खिडकीबाहेर सोडणारी नळी असेल तरच आम्ही खोकं देतो. नळी आखूड हवी, वळणं कमीत कमी हवीत. पंख्याची मोटर वाफेच्या वाटेत नको, कारण ठिणगी आणि थिनर एकत्र येऊन चालणार नाही. ज्यांच्या खोलीला खिडकीच नाही त्यांना आम्ही सरळ सांगतो, पाण्यात विरघळणारे ॲक्रिलिक रंग ब्रशने लावा. काही गिऱ्हाइकं नाराज होऊन गेली. जाऊ देत. शिवाय उत्तम ब्रशकाम करणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यासाठी ब्रश आडवे सुकवायची पट्टी आम्ही मन लावून केली आहे. उभे ठेवलेले ओले ब्रश मुळाशी पाणी धरतात आणि केस फाकतात.

सध्या दादाच्या हाताखाली दोन कारागीर आहेत. लेझरने कापलेले भाग बाहेरून करून घेतो, पण जोडणी आणि घासणी आमच्याच छपराखाली होते. डावखुऱ्यांसाठी उलट्या मांडणीचा पाट तयार आहे, त्यात ओली बाजू आणि गोंदाचा खळगा दोन्ही डावीकडे घेतले आहेत. चाकाच्या खुर्चीत बसून काम करणाऱ्या एका मॉडेलकाराने गुडघ्यांसाठी खालून मोकळी जागा मागितली आहे. त्यात पुढची झोळी कुठे बसवायची यावर आमचं काम चालू आहे. ती बाकाच्या कडेला बिजागरीवर घ्यावी असं दादाचं म्हणणं आहे, आणि पहिला नमुना त्या मॉडेलकाराच्याच घरी जाऊन बसवायचं ठरलं आहे.