फक्कीचा जंबो

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा समितीचा फोन आला तेव्हाच ओळखलं की शिस्तीवर, प्रार्थनेवर आणि छडीवर लिहिणारे पुष्कळ निघतील. आपल्या शाळेच्या मैदानावर एकदा जंबो जेट उतरलं होतं, ते मात्र कोणी लिहिणार नाही. म्हणून मी तेच लिहितो.

साल १९८०. माझी पाचवीची परीक्षा झाली होती. जिभाऊ, म्हणजे माझे वडील, वेल्डर. दुबईकडे जेबेल अलीला बंदराच्या कामावर होते. त्या सुटीत त्यांनी कसंबसं व्हिसाचं जमवून मायला आणि मला बोलावून घेतलं. आजीने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. तिला कारण होतं. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ हे जंबो मुंबईहून दुबईलाच निघालं होतं आणि उड्डाण केल्यावर थोड्याच वेळात वांद्र्यासमोर समुद्रात पडलं होतं. २१३ माणसं गेली, एकही वाचलं नाही. १९७१ मध्ये एअर इंडियाकडे आलेलं पहिलं जंबो तेच. आजीने रेडिओवर ऐकलेलं हे सगळं तिच्या मनात पक्कं बसलं होतं. शेवटी मायने कानबाईला रोटांचा नवस बोलला आणि आम्ही चोपड्याहून जळगावची एसटी धरली. सोबत बिबडे, उडदाचे पापड आणि कळण्याचं पीठ. कपडे त्या मानाने कमीच.

मुंबईत मामाकडे कुर्ल्याला उतरलो. चाळीच्या गच्चीवरून घाटकोपरच्या बाजूने सांताक्रूझला उतरणारी विमानं इतकी खाली दिसायची की मान आखडायची. आपल्या गावात आभाळात पांढरी रेघ दिसली तरी आम्ही ‘इमान, इमान’ करत गल्लीभर धावायचो. इथे चाकं मोजता येत होती. मामा म्हणाला, "ज्याच्या डोक्यावर टेंगूळ असतं तो जंबो." संध्याकाळी तो आला. आधी आवाज, मग सावली, मग पोट. गच्चीवरच्या दोरीवरचे कपडे थरथरले. मी खाली बसलो, हे मामेभावाने पुढे प्रत्येक लग्नात सांगितलं.

प्रत्यक्ष प्रवासाबद्दल लोक फार उत्साहाने विचारतात आणि मी त्यांची निराशा करतो. बसमधून विमानाजवळ जाताना खिडक्यांभोवती रंगवलेल्या लाल महिरपी दिसल्या, राजवाड्याच्या झरोक्यांसारख्या. तेवढंच काय ते नीट पाहिलं. आत दोन वाटा, आणि आमची जागा मधल्या रांगेत. खिडकी माझ्यापासून तीन माणसं आणि एक वाट एवढी लांब. त्यातून कधी पांढरं दिसे, कधी काळं. मायने डोळे मिटले ते दुबईलाच उघडले. साडीतल्या हवाईसुंदरीने ताटलीतून गोळ्या दिल्या, कानात दडे बसले, जेवण आलं. पुढे वरच्या मजल्यावर जाणारा गोल जिना आहे असं शेजारच्या काकांनी सांगितलं. मी तिथपर्यंत पोचलो, पण हवाईसुंदरीने हसतहसत मला परत जागेवर आणून बसवलं. म्हणजे जंबोत बसूनही जंबो काही दिसला नाही. आत गेलं की विमान नाहीसंच होतं, एक लांबलचक खोली उरते.

उतरताना समोरच्या खिशातलं मासिक मी मागून घेतलं. त्यात विमानाची मापं फुटांत दिली होती, आणि त्या मासिकानेच पुढचा सगळा उद्योग घडवला.

जूनमध्ये शाळा उघडली. मी वर्गात फुशारकी मारली. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "इतलं मोठं इमान उडस कसं रे भो?" मला उत्तर येईना, मग सगळाच वर्ग म्हणाला की हा थापा मारतोय. तेवढ्यात गणिताचे सर आले. त्यांनी मासिक हातात घेतलं, चष्मा वर केला आणि फळ्यावर लिहिलं: लांबी २३१ फूट १० इंच, पंखांची रुंदी १९५ फूट ८ इंच, शेपटीची उंची ६३ फूट ५ इंच. "मीटरमध्ये करा," म्हणाले. लांबी साधारण ७०.६६ आली, पंख ५९.६४. मग सर म्हणाले, "चला, मैदानावर मावतं का बघू."

पी. टी.च्या सरांकडून फक्कीची, म्हणजे मैदान आखायच्या पांढऱ्या भुकटीची, गोणी आणि मोजायची टेप घेतली. आधी मधली रेघ टाकली. नाक झेंड्याच्या खांबाशी ठेवलं तर शेपूट पाण्याच्या टाकीपलीकडे गेली. पोटाची रुंदी साडेसहा मीटर धरली. पंख मी आडवे सरळ सांगितले नाहीत, मागे झुकलेले सांगितले. तेवढं मात्र मी गच्चीवरून पाहिलं होतं. सरांनी फळ्याचा लाकडी कोनमापक आणून अंदाजाने कोन धरला. उजवा पंख खो-खोच्या मैदानावरून गेला. डावा पंख काट्यांच्या कुंपणापाशी अडला आणि अजून बराच उरला होता. सर थांबले नाहीत. कुंपणातून वाकून त्यांनी रेघ पलीकडच्या वावरात नेली. वावराचे धनी बांधावरून ओरडत आले, प्रकरण समजून घेतलं आणि म्हणाले, "इमानना पख मन्हा वावरमा? मंग भाडं लागी!" आणि मग स्वतःच फक्कीचं घमेलं धरून उभे राहिले.

शेपटीची उंची जमिनीवर काढता येईना. झेंड्याचा खांब २० फुटी. एकावर एक तीन खांब उभे केले तरी शेपूट वर उरते, हे सरांनी तोंडी सांगितलं आणि सगळ्यांनी एकदम वर बघितलं.

मग शाळा भरली विमानात. सगळे वर्ग पोटात, दहा-दहाच्या रांगा, मधे दोन वाटा. दहावीच्या मुली पुढे नाकात, कारण मासिकात पहिला वर्ग तिथे दाखवला होता. हेडसरांना बोलावून त्यांची खुर्ची टेंगळाच्या जागी ठेवली. पूर्ण शाळा बसूनही मागे जागा रिकामी होती. वैमानिक वरच्या मजल्यावर का बसतो, असं एका मुलीने विचारलं. सर म्हणाले, शोधू. पुढे मी वाचलं की हे विमान काही वर्षांत मालवाहू होईल असं बनवणाऱ्यांना वाटत होतं, कारण ध्वनीपेक्षा वेगवान विमानं प्रवासी पळवतील असा अंदाज होता. नाक उघडून सामान सरळ आत ढकलता यावं म्हणून कॉकपिट वर चढवलं. टेंगूळ आलं ते त्यामुळे. सरांना मात्र हे सांगायचं राहिलं.

‘उडस कसं’चं उत्तर सरांनी नंतर वर्गात दिलं. भरलेलं विमान सुमारे ३७७ टन. एका बैलगाडीत दहा क्विंटल कापूस धरला तर ३७७ गाड्या. एवढं वजन पंखांनी पेलायचं तर ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेग हवा, आणि तो वेग यायला सुमारे तीन किलोमीटरची धाव. म्हणजे शाळेपासून एसटीच्या फाट्यापर्यंत. त्या संध्याकाळी आम्ही बरेच जण फाट्यापर्यंत पळत गेलो. उडालो नाही, पण थापाड्या हे नाव सुटलं.

आठवडाभरात मृगाचा पाऊस आला आणि विमान वाहून गेलं.

पुढे नोकरीनिमित्त बरीच विमानं झाली. एअर इंडियाच्या एका जंबोचं नाव ‘अजंता’ होतं, आपल्याच शेजारच्या लेण्यांचं. त्यात बसायचं मात्र जमलं नाही. बोईंगने १,५७४ जंबो बांधून २०२३ च्या जानेवारीत शेवटचं ग्राहकाच्या ताब्यात दिलं. एअर इंडियाचं शेवटचं २०२४ च्या एप्रिलमध्ये मुंबईहून अमेरिकेला गेलं, तेव्हा वैमानिकाने पंख हलवले. मोबाइलवर ते पाहताना मला डावा पंख आधी दिसला, वावरातला.

समितीला एक विनंती. महोत्सवाच्या दिवशी सकाळी, मंडप घालण्याआधी, हे विमान पुन्हा आखावं. नव्या इमारतीमुळे मैदान आखूड झालंय, तेव्हा नाक संगणक कक्षात घुसेल. दार उघडं ठेवायला सांगा. वावराच्या धन्यांचा नातू आता सरपंच आहे, भाड्याचं त्याच्याशी मी बोलून ठेवतो. फक्कीच्या गोण्या माझ्याकडून.