क्लोव्हेली: उतरायला सोपं, चढायला अवघड

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात, उत्तर किनाऱ्यावरच्या कड्याला बिलगून क्लोव्हेली वसलंय. मुख्य गल्लीत मोटार शिरत नाही. पर्यटकांसाठी घातलेली ही बंदी नव्हे, रस्ताच तसा आहे: समुद्रकाठचे गोटे बसवलेली अरुंद गल्ली, पायऱ्यापायऱ्यांनी साधारण ४०० फूट खाली थेट बंदरावर. सामान वाहायला पूर्वी गाढवं असत. आता किराण्यापासून कपाटापर्यंत सगळं वरच्या वाहनतळावरून लाकडी घसरगाडीवर खाली ओढत नेतात. कचराही वर चढवत नाहीत, तसाच खाली बंदरावरच्या गाडीपर्यंत नेतात. दारापाशी उभ्या असलेल्या घसरगाड्या शोभेच्या नाहीत, हे ध्यानात घ्या.

गाव इतकं एकसंध दिसतं त्याचं कारण मालकी. १७३८ साली हॅमलिन घराण्याने केरी घराण्याकडून ते विकत घेतलं आणि आजही ते त्यांच्याच वंशजांकडे आहे. घरं विकली जात नाहीत, भाड्याने दिली जातात, आणि भाडेकरूने तिथे राहायलाच हवं. त्यामुळे सुट्टीपुरती उघडणारी घरं इथे नाहीत. १८८४ ते १९३६ या काळात ख्रिस्टीन हॅमलिन यांनी घरांची डागडुजी केली. बऱ्याच भिंतींवर त्यांची 'सी. एच.' ही आद्याक्षरं आणि साल दिसतं. शोधत उतरलात तर पाय आपोआप सावकाश पडतील.

बंदराचा वळणदार धक्का सोळाव्या शतकाच्या अखेरीस जॉर्ज केरींनी बांधवला. त्याच्या आसऱ्यावर हेरिंगची मासेमारी वाढली. ओहोटीला बोटी तळावर टेकलेल्या दिसतात, भरतीला तरंगणाऱ्या. म्हणून निघण्यापूर्वी भरतीची वेळ पाहून ठेवा.

प्रवेशासाठी वर तिकीट घ्यावं लागतं. गाडी लावणं आणि इंग्रज कादंबरीकार चार्ल्स किंग्जली यांचं संग्रहालय त्यातच येतं. जवळचं रेल्वे स्थानक बार्नस्टेपल, पुढे रस्त्याने.

फसगत होते ती परतीला. उतरताना दम लागत नाही, म्हणून लोक बेसावध असतात. पाऊस पडला की गोटे बुळबुळीत होतात. गुळगुळीत तळाचे किंवा टाचांचे बूट चालणार नाहीत. बाबागाडी तर वरच सोडा, बाळाला पाठीवरच्या झोळीत घ्या. हंगामात खालच्या रेड लायन हॉटेलाजवळून मागच्या रस्त्याने लँड रोव्हर वर नेते, पण वेगळे पैसे पडतात. हिवाळ्यात तिच्या भरवशावर उतरू नका.