सोपे इंग्रजी, पुष्कळ वाचन

महाराष्ट्रातील मराठी शाळांमध्ये २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. त्याआधी ते पाचवीत सुरू होत असे. म्हणजे आज सातवीत बसलेला मुलगा सहा वर्षे इंग्रजी शिकून आलेला असतो. तरीही, शब्दार्थांच्या वह्या भरलेल्या या मुलासमोर न शिकवलेला दहा ओळींचा उतारा ठेवला की तो गडबडतो. मी मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवतो आणि माझे मत असे झाले आहे, की आपण मुलांना इंग्रजीविषयी फार सांगतो आणि इंग्रजी वाचायला फार थोडे देतो.

पाठ्यपुस्तकातले मोजके धडे वर्षभर पुरवले जातात. प्रत्येक ओळीचा मराठी अर्थ सांगितला जातो, प्रश्नोत्तरे फळ्यावरून उतरवून घेतली जातात आणि पुढचा धडा सुरू होतो. या पद्धतीत एखादा शब्द मुलाला एकदा, फार तर दोनदा भेटतो. त्याचा एक अर्थ घोकला जातो, परंतु तो कोणत्या शब्दांच्या संगतीत वावरतो हे कळत नाही. ‘टेक’ म्हणजे घेणे, हे पाठ असलेला विद्यार्थी ‘टेक अ फोटो’, ‘टेक अ बस’ आणि ‘इट टेक्स टाइम’ यांपाशी अडतो, कारण मराठीत आपण फोटो काढतो, बस पकडतो आणि वेळ लागतो. अशा जोड्यांची यादी करून पाठ करायला दिली तर ती चाचणीनंतर विसरली जाते. वेगवेगळ्या गोष्टींत त्या पुन्हापुन्हा समोर आल्या, तर मात्र रुजतात.

त्यासाठी वाचायला दिलेला मजकूर सोपा हवा, अगदी शिक्षकाला संकोच वाटावा इतका सोपा. न्यूझीलंडचे भाषाशिक्षणतज्ज्ञ पॉल नेशन यांनी शब्दसंग्रहावर प्रदीर्घ काम केले आहे. कोणाच्या मदतीशिवाय समजून वाचण्यासाठी मजकुरातील सुमारे ९८ टक्के शब्द वाचणाऱ्याला आधीच माहीत असावे लागतात, असा त्यांच्या संशोधनाचा निष्कर्ष आहे. म्हणजे पन्नास शब्दांमागे एखादाच नवा. आपल्याकडचा सातवीचा धडा अनेक मुलांसाठी याच्या जवळपासही येत नाही. तो शिकवण्यासाठी ठीक असेल, पण स्वतः वाचण्यासाठी निराळी पुस्तके लागतात. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर पायऱ्यांनुसार लावलेल्या गोष्टी विनामूल्य मिळतात आणि त्यांतील कित्येक मराठीतही आहेत. सातवीतल्या मुलांना ‘लहान मुलांची’ पुस्तके दिली की ती नाक मुरडतात, हेही खरे. त्यावर मी एक युक्ती करतो: ही गोष्ट दुसरीच्या मुलांना वाचून दाखवायची आहे, असे सांगतो. मग तीच मुले ती गोष्ट न कुरकुरता तीन-चार वेळा वाचतात.

अशा वाचनाचा परिणाम फिजी बेटांवरील एका अभ्यासात दिसला आहे. वॉर्विक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी तेथील ग्रामीण शाळांत चौथी-पाचवीच्या वर्गांना इंग्रजी गोष्टींची भरपूर पुस्तके पुरवली. काही वर्गांत शिक्षक मुलांसोबत मिळून वाचत आणि काहींत मुले मूक वाचन करत. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार ही मुले वाचनात आणि ऐकून समजण्यात नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्यांच्या बरीच पुढे गेली आणि दुसऱ्या वर्षी तो लाभ लेखन व व्याकरणापर्यंत पोहोचला. फिजीतील या मुलांसाठीही इंग्रजी ही घरची भाषा नव्हती, म्हणून हा अभ्यास मला आपल्या शाळांना जवळचा वाटतो.

पण नुसत्या वाचनाने सगळे व्याकरण आपोआप येते, असे मी म्हणणार नाही. ‘ही गोज’मधील शेवटचे ‘एस’ हे अक्षर घ्या. मराठीत ‘जातो, जाते, जातात’ या रूपांतूनच कोण जाते ते कळते, म्हणून आपण कर्ता खुशाल गाळतो. इंग्रजीत कर्ता समोर उभाच असतो, त्यामुळे ते ‘एस’ निसटले तरी वाचणाऱ्याचे काही अडत नाही, आणि ज्याच्यावाचून अडत नाही त्याकडे डोळा सहसा जात नाही. तिथे शिक्षकाला थांबावे लागते. मात्र हे थांबणे गोष्ट समजल्यानंतरचे असावे. पहिल्या वाचनात मी एकही नियम सांगत नाही. दुसऱ्या वाचनानंतर मुलांना त्याच पानावरील सगळे ‘डिड’ शोधून त्यांच्यासोबत आलेले मुख्य क्रियापद अधोरेखित करायला सांगतो. ‘डिड’च्या संगतीत ‘वेंट’ कधीच येत नाही, ‘गो’च येते, हे मुलेच सांगतात, नियम मी त्यानंतर फळ्यावर लिहितो.

एकेकाने उभे राहून परिच्छेद वाचण्याची प्रथा मात्र मी बंद केली आहे. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेत त्यामुळे एक जण अडखळत वाचतो आणि बाकीचा वर्ग आपली पाळी केव्हा येते याचा हिशेब मांडत बसतो. त्याऐवजी आधी मी मोठ्याने वाचतो आणि मुले ओळींवर बोट फिरवतात, मग जोडीजोडीने हलक्या आवाजात वाचन होते, आणि शेवटची दहा मिनिटे मूक वाचनासाठी राखलेली असतात. त्या दहा मिनिटांत मीही माझे पुस्तक वाचतो. वह्या तपासत बसलो तर मुलांचेही लक्ष उडते.

शब्दांची वही आम्ही ठेवतो, पण तिच्यात सुटा शब्द आणि त्यासमोर अर्थ अशी नोंद चालत नाही. ज्या वाक्यात शब्द भेटला ते वाक्य लिहायचे, आणि तोच शब्द दुसऱ्या गोष्टीत भेटला तर ते वाक्यही त्याच्याखाली जोडायचे. पालकसभेत ‘सर, शब्दार्थ का देत नाही?’ असा प्रश्न हमखास येतो. तेव्हा मी पालकांना, इंग्रजी येत असो वा नसो, इतकेच सुचवतो, की रात्री मुलाला एक पान वाचायला सांगावे आणि त्यात काय घडले ते त्याच्याकडून मराठीत ऐकावे.