बारमध्ये पूल टेबल भाड्याने लावलं, माझा अनुभव

सिंहगड रोडच्या एका परमिट रूममध्ये माझं टोकनवर चालणारं पूल टेबल (पूल म्हणजे बिलियर्ड्ससारखा, काठीने बॉल मारायचा खेळ) लावलंय, ते कसं जमलं ते बरेच जण विचारतात म्हणून लिहितोय. टेबल आणि रिपेअरिंग माझं, जागा नि लाईट शेठची, कमाई निम्मी-निम्मी. शेठ आधी ऐकेनात, "अहो पुण्यात कोण खेळतं हे? तेवढ्या जागेत माझी दोन टेबलं बसतात." म्हटलं विल्सन जोन्स जन्मले पुण्यात, 1958 ला बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, आणि ते राहू द्या, मंगळवारी तुमच्या त्या दोन टेबलांवर कोण बसतं तेवढं सांगा. मग हसले.

नाण्यांचा मात्र घोळच. दहाचं आणि वीसचं दोन्ही 27 मिमीचं, नुसत्या साइजवर चालणाऱ्या स्लॉटला फरक कळणार कसा, आणि तसंही आता सुट्टे ठेवतं कोण, सगळे स्कॅन करतात. म्हणून पितळी टोकन केले. गिऱ्हाईक काउंटरला यूपीआय करतं, टोकन घेतं, ते टेबलाच्या स्लाइडमध्ये ठेवून स्लाइड आत ढकलली की धडधड करत सगळे बॉल खाली. खेळताना पॉट झालेला, म्हणजे भोकात गेलेला बॉल टेबल गिळून टाकतं, पांढरा तेवढा परत देतं कारण त्याच्या पोटात चुंबकाला ओढलं जाणारं काहीतरी असतं, त्यामुळे फुकटात दुसरा गेम नाही. पैसे शेठच्या खात्यात, टोकन माझ्या डब्यात. डब्याला दोन कुलपं, एक चावी त्यांच्याकडे एक माझ्याकडे, दोघांसमोर मोजायचं. हे नसेल तर या धंद्यात पडूच नका.

खरी वाट लागली ती स्लेट, म्हणजे टेबलाची कापडाखालची दगडी फरशी, वर चढवताना. अरुंद जिना, हमाल वैतागले, मग स्पिरिट लेव्हल लावून पायाखाली पाचरी ठोकत बसलो. पावसाळ्यात कापड ओल धरतं, बॉल जड चालतो, तेव्हा हरलेला प्रत्येक जण टेबललाच शिव्या घालतो 😄

करार 500 च्या स्टॅम्प पेपरवर, पोलीस परवान्याचं शेठनी बघायचं आणि पैजा लावून खेळू द्यायचं नाही हे त्यात लिहून घेतलं.

आता शेठना ज्यूकबॉक्स पण हवाय. पण बारमध्ये गाणी वाजवायची तर 1957 च्या कॉपीराइट कायद्याने लायसन्स लागतं, रेकॉर्डिंगचं वेगळं, शब्द-चालीचं वेगळं. मोबाइलच्या ॲपचं सबस्क्रिप्शन घरात ऐकण्यापुरतं, ते इथे चालत नाही. म्हटलं मशीन देतो, लायसन्स तुमच्या नावावर काढा आणि त्याचा खर्च वाटणीच्या आधी वजा करू. त्यावर शेठ म्हणाले, "बघू दिवाळीनंतर."