आमची वाटचाल : पन्हळीशिवायची शेड

सांगलीत हळदीचा धंदा काढला म्हटलं की लोक विचारतात, "आणखी एक?" आम्ही घरामागच्या पत्र्याखाली एका पल्व्हरायझरवर सुरुवात केली. मार्केट यार्डातून राजापुरी हळकुंड आणायचं, दळायचं, पुड्या भरायच्या. सहा वर्षांनी कुपवाड एमआयडीसीत जागा झाली आणि 40 बाय 60 ची शेड ठरवली, 11 लाख 40 हजारांना. कोटेशनवर एकच ओळ : 'शेड पूर्ण करून देणे.'

पत्रे चढेपर्यंत साडेआठ लाख देऊन झाले. मग ठेकेदाराची माणसं येईनात. फोन केला की तो म्हणे, दोन्ही बाजूंची मिळून 120 फूट पन्हळ राहिली, कोबा अर्धाच. "वहिनी, पोरं गावी गेलीत, पाऊस उघडला की येतो." जूनमध्ये पत्र्यावरचं पाणी थेट भिंतीच्या पायथ्याशी पडून आत आलं आणि 14 पोती खालून भिजली. भिजलेलं हळकुंड हाताला बुळबुळीत लागतं, दोन दिवसांत बुरशीचा वास सुटतो. दळून खपवणारे असतात. आम्हाला ते जमत नाही.

ऑगस्टमध्ये तो आला नाही, त्याच्या वकिलाची नोटीस आली. उरलेले 2 लाख 90 हजार, शिवाय 2006 च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्याप्रमाणे 45 दिवसांनंतरचं चक्रवाढ व्याज, रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट. आमच्या वकिलांनी पहिलाच प्रश्न केला : कामाबद्दलची हरकत पंधरा दिवसांत लेखी कळवली होती का? भांडणं सगळी फोनवर. लेखी म्हणाल तर व्हॉट्सॲपवर ओल्या पोत्यांचे फोटो, आणि त्याखाली त्याने टाकलेला अंगठा.

वकील म्हणाले, लढता येईल, पण आधी टेप धरून राहिलेलं काम मोजा. एका रविवारी तो, आम्ही दोघं आणि दोन्हीकडच्या ओळखीचे एक निवृत्त ओव्हरसियर काका असे जमलो. टेपचं एक टोक त्याच्याच हातात दिलं. राहिलेलं काम चालू दराने 1 लाख 95 हजारांचं निघालं. म्हणजे आम्हीच त्याचे 95 हजार देणं लागत होतो! मी तर एक पैसा द्यायचा नाही असं ठरवून आले होते. पोत्यांची भरपाई मागितली, तर म्हणाला, "पन्हळ नाही हे दिसत होतं, मग थप्पी भिंतीला का लावली?" यावर काय बोलणार? 80 हजारांवर तोडलं. टीडीएस कापून चेक दिला, येणं-देणं मिटल्याच्या कागदावर दोघांच्या सह्या झाल्या.

पुढच्या वर्षी पॅकिंग मशीनचा ओटा बांधायला काढला तेव्हा कोटेशन तीन पानांचं केलं. शेवटचे दहा टक्के ओट्यावर पाणी ओतून, उतार बघून मगच. नवा मिस्त्री कुरकुरला, "ओट्याला एवढं लिहितात व्हय?" पण सही केली.