खोगीरभरती

नवी मोटारसायकल दारात लावली तेव्हा अण्णा गावाकडून आलेले होते. माळेगावच्या जत्रेत घोड्याभोवती मारतात तशी त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. टायर अंगठ्यानं दाबला, सीटवर थाप मारली, वाकून पोटाखाली बघितलं. मग म्हणाले, "जनावर चांगलंय. तुझे पाय पुरतेत का पण?"

पुरत नव्हते. सीटची उंची 825 मिलिमीटर आणि मी 5 फूट 5 इंच. ही सोयरीक कुठल्याच मध्यस्थानं जुळवली नसती. दोन्ही पाय टेकवायचे म्हटले तर नुसते अंगठे पोचतात, एक नीट टेकवावा तर दुसरा हवेत. पण तीन वर्षं रोज रात्री जेवण झालं की मोबाइलवर जिचे फोटो बघितले, तिला ऐनवेळी उंचीवरून नाकारणं बरं दिसत नाही. रॉयल एनफिल्डची हिमालयन. 452 सीसी, 17 लिटरची टाकी, पुढचं चाक 21 इंची, पेट्रोलसकट वजन 196 किलो. 2024 च्या दसऱ्याला घेतली. तेव्हा 350 सीसीच्या वरच्या मोटारसायकलवर सेस धरून 31 टक्के कर होता, पुढच्या सप्टेंबरात तो 40 झाला. जन्मात वेळेवर झालेली ही माझी एकुलती एक खरेदी, आणि तीही न ठरवता.

गाडी घेणं तासाभराचं काम. तिला लांबच्या प्रवासासाठी तयार करायचा जो घोर लागतो, त्याला मात्र अंत नाही. आधी लेग गार्ड घेतले. लेग गार्ड आहेतच तर त्यांच्यावर फॉग लाइट घेतले. लाइटला वायरिंग आलं, वायरिंगला रिले आला, रिलेला स्विच आला. मोबाइलला होल्डर, होल्डरला चार्जर, आणि थरथरून मोबाइलचा कॅमेरा बिघडू नये म्हणून होल्डरखाली रबराचा डँपर. रेडिएटरला दगड लागू नये म्हणून जाळी. हेडलाइटला राग यायला नको म्हणून त्यालाही जाळी. साइड स्टँड वाळूत रुतू नये म्हणून त्याच्या टोकाला चांगला तळहाताएवढा पत्रा. मागं दोन्ही बाजूंना लोखंडी फ्रेम, फ्रेमवर दोन बॅगा, पावसाचा थेंबही आत जाणार नाही अशा हमीच्या. कुरिअरवाला रोज यायला लागला. तिसऱ्या आठवड्यात तो बायकोला म्हणाला, "वहिनी, सर गाडी घरीच बनवायलेत का?"

खोगिरात काय भरलंय ते घोड्याला दिसत नाही. चिंध्या, काथ्या, फाटकं गोणपाट, हाताला लागेल ते कोंबायचं. वरून शिवण घातली की झालं. माझ्या खोगिरात मनाली-लेहचा रस्ता भरलेला होता, स्पिती होतं, नदी ओलांडणारा मी होतो. शिल्लक रजा नऊ दिवसांची होती आणि त्यातले चार दिवस दोन लग्नांना आधीच दिलेले होते, ते वेगळं. लांबचं जाऊ द्या, 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आमच्याच मराठवाड्यातून, जालना-संभाजीनगरवरून जातो आणि त्यावर दुचाकीला बंदी आहे. उरल्या पाणंदी. गाडीच्या पोटाखाली 230 मिलिमीटरची मोकळी जागा कंपनीनं पाणंदीसाठीच ठेवली असावी, असं मी आता मानतो.

सामान लादून थोडा सराव करावा, असं सगळे जाणकार सांगतात. एका रविवारी सकाळी बॅगा लावून लातूरच्या औसा रोडला फेरी मारायला निघालो. बायको म्हणाली, "निघालाच आहात तर दळण टाका." दहा किलो ज्वारी डाव्या बॅगेत गेली. उजवीत रेनकोट. अशा थाटात सहा किलोमीटर गेलो आणि चहासाठी एका हॉटेलासमोर थांबायला डावा पाय खाली सोडला. जिथं पाय पोचायला हवा होता तिथं रस्त्याची कड संपून मुरमाचा उतार सुरू होत होता. पायाला काही लागेना. गाडी आधी जराशी कलली, मग तिनं ठरवलं, आणि मी तिला आडवी होताना आदरानं वाट करून दिली.

पडलेली गाडी उचलायची रीत मला तोंडपाठ होती. हँडल पूर्ण वळवायचं, गाडी गिअरमध्ये ठेवायची, तिच्याकडं पाठ करून सीटच्या कडेला बूड टेकवायचं, एक हात हँडलला, एक मागच्या रॅकला, आणि पाठीनं जोर न लावता पायांनी मागं मागं चालत जायचं. मी पाठ केली, बसलो, जोर लावला. हॉटेलातली बारा माणसं चहा खाली ठेवून बघत होती. गाडी इंचभरही हलली नाही, कारण मी 196 किलोचा हिशोब केला होता. ज्वारीचा केलाच नव्हता.

एक दूधवाले मामा उठले. त्यांनी बॅगेची पट्टी सोडली, दळण काढून कट्ट्यावर ठेवलं, मग दोघांनी गाडी उभी केली. "मालक," ते म्हणाले, "वजन दोहीकडं वाटून घ्यावं की."

त्यांची गाडी शेजारीच होती. शंभर सीसीची, रंग उडालेली, सीटचं अर्धं कव्हर गेलेलं. मागं सळईची चौकट वेल्डिंग करून घेतलेली, तिच्या आकड्यांना दोन्ही बाजूंना दोन-दोन कॅन. कॅन हलू नयेत म्हणून जुन्या ट्यूबचे कापलेले पट्टे. मी ज्या पट्ट्यांना ऑनलाइन पैसे मोजले होते त्यांच्याहून हे घट्ट बसत होते. हँडलला पोत्याचा तुकडा गुंडाळलेला. थंडीत बोटं गारठत नाहीत आणि माप पुसायलाही होतो. मामा कॅन कसे रिकामे करतात ते मला त्या दिवशी कळलं. एक डावा, मग एक उजवा, मग पुन्हा डावा. एकाच बाजूचे दोन्ही रिकामे केले तर गाडी परतीच्या वाटेवर फराटे मारते. पंचवीस वर्षं ते रोज पहाटे असं ओझं घेऊन पाणंदीनं येतात, चिखलात, धुक्यात. त्यांनी माझ्या फ्रेमची किंमत विचारली. मी निम्मी सांगितली. तरी त्यांचा कप तोंडाशी थांबला. मग त्यांनी तो प्रश्न विचारला जो आमच्याकडं प्रत्येक चौकात, प्रत्येक पंपावर विचारतात: "किती देती?"

"अठ्ठावीस-तीस."

"देती तेवढं बरं हाय," मामा म्हणाले. माझ्या दुःखात सहभागी झाल्यासारखं.

अण्णांना हे सांगितलं तर त्यांना 2016 आठवलं. त्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. गावाला रेल्वे नाही. अण्णांनी हिरो होंडाच्या सीटवरून पोत्याची घडी टाकली, दोन कॅन दोराला बांधून पडशीसारखे इकडं-तिकडं सोडले आणि दीड महिना शेजारच्या शिवारातल्या बोअरवरून पाणी आणलं. "तवा तर कुणी अ‍ॅडव्हेंचर म्हणलं न्हाई," एवढं बोलून ते टीव्हीकडं वळले.

अगदीच सगळं वाया गेलं असं नाही. पिवळे फॉग लाइट मी कुणालाही घ्यायला सांगेन. आमच्याकडं ऊस सुरू झाला की रात्री मुरूड काय, औसा काय, रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर पाचटाखाली झाकलेला. साध्या उजेडात ती ट्रॉली दिसते तेव्हा तिच्यात आणि आपल्यात उसाच्या लांबीचंच अंतर उरलेलं असतं. दुसरा तो साइड स्टँडचा पत्रा. राजस्थानच्या वाळूसाठी घेतला आणि आमच्या काळ्या रानात कामाला आला. जुलैत पाऊस पडून गेल्यावर त्या मातीत साधा स्टँड सुरी घुसावी तसा घुसतो. बाकी पंक्चरचं किट होतं ते ट्यूबलेस टायरसाठी आणि माझ्या चाकात ट्यूब होती, हे मला वेड्या बाभळीचा काटा घुसल्यावर समजलं. पंक्चरवाल्यानं ट्यूब बाहेर काढली, पाण्याच्या घमेल्यात एकेक वीत बुडवत नेली, बुडबुडा आला तिथं ओल्या बोटानं दाबून धरली आणि दातात धरलेली माचिसची काडी त्या भोकात खुणेला खोचली. एवढी मोठी ट्यूब त्यानं गळ्यात घालून शेजारच्या टपरीवाल्याला दाखवून आणली.

राहता राहिलं साडी गार्ड. फ्रेम बसवताना मी ते काढून माळ्यावर टाकलं होतं, कारण कुठल्याच फोटोत साडी गार्ड नसतं. मागं बसणाऱ्यासाठी धरायला काही हवं, पाय ठेवायला जागा हवी, मागचं निम्मं चाक झाकलेलं हवं, असं मोटार वाहन नियमांतच लिहिलेलं आहे. बायकोनं नियम काढला नाही. श्रावणात तुळजापूरला जायचं ठरलं तेव्हा ती काठपदराची साडी नेसून, हेल्मेट हातात घेऊन गाडीच्या डाव्या बाजूला उभी राहिली आणि उघड्या चाकाकडं बघत राहिली. मी माळ्यावर चढलो.

गार्ड बसवायचं तर डावी फ्रेम काढावी लागत होती. काढली. डावीकडं साडी गार्ड, उजवीकडं एकुलती बॅग, अशी ती एकशिंगी गाडी घेऊन निघालो. औसा रोडच्या हॉटेलासमोर मामा भेटलेच. त्यांनी लांबूनच गाडी न्याहाळली. वहिनी एका अंगावर बसलेल्या, पाय डावीकडं, बॅग उजवीकडं. मामांनी मान डोलावली. "आता बराबर बसलंय वजन."

तुळजापूरला दर्शन झालं, नळदुर्गला किल्ल्यावर धपाटे आणि शेंगाची चटणी खाल्ली. बोरी नदीचं पाणी बांधावरून पडत होतं. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बांधलेला पाणीमहाल त्या बांधाच्या पोटात आहे. वरून एवढं पाणी कोसळत असतं आणि आतली दालनं कोरडी. बायको म्हणाली, "तुमची बॅग अशीच आहे म्हणायची."

येताना लातूरच्या वाटेवरच्या उजनीला थांबलो. तिथं थांबून बासुंदी न घेता पुढं गेलेला लातूरकर मी तरी बघितलेला नाही. एक किलो घेतली. हॉटेलवाल्यानं डब्याचं झाकण दाबून बसवलं, वर दोरा बांधला, मी डबा बॅगेत ठेवला आणि बॅगेचं तोंड सांगितल्याप्रमाणे तीन घड्या घालून आवळलं. लातूरपर्यंत रस्ता होता तसा होता.

घरी येऊन बॅग उघडली. झाकण एका कोपऱ्यात, डबा आडवा. तळाला रेनकोट, प्रथमोपचाराची पेटी, पान्यांचा संच आणि ते ट्यूबलेस टायरचं किट बासुंदीत बुडालेलं, पान्यांवर सायीचे तुकडे. बाहेर मात्र एक थेंब नाही. हमी खरी निघाली होती, फक्त आतून.

तीनदा धुतली. साबणानं, चिंचेनं, शेवटी बायकोनं सांगितलं म्हणून राखेनं. वेलदोड्याचा वास गेला नाही तो नाहीच. सकाळी बघतो तर अंगणाच्या फरशीतून मुंग्यांची रांग निघालेली. साइड स्टँडच्या त्या रुंद पत्र्यावर त्या आरामात चढत होत्या, तिथून फुटरेस्ट, तिथून फ्रेम, आणि थेट बॅगेच्या तोंडात.

अण्णा चहाचा कप घेऊन शेजारी येऊन उभे राहिले. थोडा वेळ रांगेकडं बघत राहिले.

"ह्यांचे पाय बराबर पुरायलेत बग," म्हणाले.